लाकडी होडीवर फायबर चढवायचंय? कापड आणि रेझिन घेण्याआधी हे वाचा

जालना म्हटलं की लोकांना सळई आठवते, बियाणं आठवतं. होडी कुणालाच आठवत नाही. पण आपल्या जिल्ह्याची दक्षिणेकडची हद्द गोदावरीनंच आखलेली आहे. घनसावंगी तालुक्यात जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी इथे बंधारे झाल्यापासून नदीत पाणी थांबायला लागलं. पाणी आलं की मासे आले, आणि मासे आले की होडी हवीच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेभावानं प्लायवूडची बारा फुटी होडी बनवायला घेतली. लाकूडकाम त्याचं, फायबरचं काम माझं. कारण काय, तर घरात सगळ्यात जास्त व्हिडिओ बघणारा मीच! मे महिन्यात, भर उन्हात, दुकानात जे मिळालं ते रेझिन आणून मी तळावर मॅट चढवली. दिसायला एकदम भारी. एक पावसाळा गेला आणि तळाच्या कडेला फायबरचा पापुद्रा सुटला. बोट घातलं तर हातभर पट्टा सरळ वर आला. खाली प्लाय काळं पडून भुसभुशीत झालेलं. होडी काठावर उलटी घातली होती म्हणून दिसलं. त्याच होडीत भाऊ त्याच्या पोरालाही घेऊन जायचा, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

मग मी नीट अभ्यास केला, माहीतगार लोकांना विचारलं, आणि दुसऱ्यांदा काम बरोबर केलं. आज तेच तुम्हाला सांगतोय. होडी बनवायची नसेल तरी वाचा. पाण्याची टाकी, बाइकचं मडगार्ड, कूलरची बॉडी फायबरची असेल तर तिथेही हेच साहित्य असतं.

फायबर म्हणजे नेमकं काय?

जालन्याच्या माणसाला हे समजावणं सगळ्यात सोपं. स्लॅब कसा टाकतात? आत सळई, भोवती काँक्रीट. ताण सळई घेते, काँक्रीट तिला जागेवर धरून ठेवतं. फायबरमध्ये सळईच्या जागी काचेचे बारीक धागे असतात आणि काँक्रीटच्या जागी रेझिन. नुसतं रेझिन ठिसूळ, नुसतं कापड लुळं. दोन्ही एकत्र आले की कडक आणि मजबूत.

पण लाकडी होडीवर तिसरा गडी असतो: लाकूड. ते पाणी पिऊन फुगतं, वाळून आक्रसतं. म्हणून इथे खरा प्रश्न "फायबर किती मजबूत?" हा नाहीच. फायबर लाकडाला किती घट्ट धरून राहील? हा आहे. माझी चूक इथेच झाली. मी मजबुती बघितली, पकड बघितली नाही.

रेझिन तीन प्रकारचं

१. पॉलिएस्टर. दुकानात "फायबरचं रेझिन द्या" म्हटलं की बहुतेक वेळा हेच मिळतं. त्यातही दोन जाती. साधं म्हणजे जीपी रेझिन, आणि पाण्याला जास्त टिकणारं आयसो रेझिन. स्वस्त, पटकन सुकणारं. साच्यात आख्खी फायबरची होडी बनवायची असेल तर उत्तम. पण सुकताना ते साधारण ५ ते ८ टक्के आक्रसतं, आणि लाकडावर त्याची पकड कमी. लाकूड हललं की ते सुटायला लागतं.

२. व्हिनाइल एस्टर. पॉलिएस्टर आणि इपॉक्सी यांच्या मधलं. पाणी आणि रसायनांपुढे चांगलं टिकतं. पण लवकर खराब होतं आणि किरकोळीत सहज मिळत नाही. छोट्या घरगुती कामात याच्या मागे लागू नका.

३. इपॉक्सी. लाकडी होडीसाठी माझं उत्तर हेच. आक्रसणं अगदी कमी, साधारण १ ते २ टक्के, आणि लाकडाला जबरदस्त पकड. लाकडाच्या रंध्रांत शिरून ओलावा आत जाण्याचा वेग खूप कमी करतं. भाव मात्र पॉलिएस्टरच्या साधारण दुप्पट ते तिप्पट.

एक नियम पाठ करा: जुन्या पॉलिएस्टरवर, ते घासून साफ केल्यावर, इपॉक्सी चिकटतं. पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही. म्हणजे दुरुस्ती इपॉक्सीनं चालेल, उलटं नाही.

कापड कोणतं घ्यायचं?

सगळीकडे "जीएसएम" हा शब्द दिसेल. त्याचा अर्थ एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. वहीच्या कागदावर असतं तसंच.

- चॉप्ड मॅट: तुकडे केलेले धागे कसेही पसरून बनवलेली चटई. ३०० आणि ४५० जीएसएम सर्रास मिळते. धागे एका डिंकासारख्या पदार्थानं धरलेले असतात. पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये तो विरघळतो आणि मॅट मऊ होऊन बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं. त्यामुळे नेहमीची मॅट इपॉक्सीत नीट भिजत नाही, कोपऱ्यावर वळत नाही, वर उठून राहते.
- वोव्हन रोव्हिंग: जाड दोऱ्यांचं पोत्यासारखं विणलेलं कापड. मोठ्या बोटींना ठीक. छोट्या होडीला फार जाड आणि जड, वर विणीचे खड्डे भरत बसावे लागतात.
- विणलेलं बारीक काच-कापड: साधारण २०० जीएसएम. इपॉक्सी लावल्यावर काचेसारखं पारदर्शक होतं, त्यामुळे कुठे हवा अडकली ते लगेच दिसतं. लाकडी होडीला हेच घ्या.
- काच-कापडाची पट्टी: दोन-तीन इंच रुंद. प्लायचे सांधे जोडायला.

घेताना "ई-ग्लास" आहे का विचारा. "एस-ग्लास" जास्त मजबूत पण महाग, आपल्याला त्याची गरज नाही. आणि हार्डवेअरच्या दुकानात गिलाव्यासाठी किंवा वॉटरप्रूफिंगसाठी जी फायबरची जाळी मिळते ती आणू नका. ती सिमेंटसाठी असते, तिच्यावर वेगळा थर असतो.

जीएसएम खरं आहे का, हे घरी तपासता येतं. ५० सेंमी × ५० सेंमी तुकडा डिजिटल काट्यावर ठेवा आणि आलेलं वजन चारनं गुणा. ५० ग्रॅम भरलं तर कापड २०० जीएसएमचं.

थोडक्यात जोडी अशी: मॅटसोबत पॉलिएस्टर, विणलेल्या कापडासोबत इपॉक्सी.

महाग म्हणजे किती महाग? हिशोब करून बघू

बारा फुटी, सपाट तळाची होडी घ्या. तळ आणि दोन्ही बाजू मिळून बाहेरचं क्षेत्रफळ साधारण ६ चौरस मीटर.

*पॉलिएस्टर:* ४५० जीएसएम मॅटचा एक थर म्हणजे २.७ किलो मॅट. मॅट आपल्या वजनाच्या सव्वादोन-अडीच पट रेझिन पिते. म्हणजे सहा ते सात किलो रेझिन. होडीवर चढलं साधारण ९ किलो वजन.

*इपॉक्सी:* २०० जीएसएम कापडाचा एक थर म्हणजे १.२ किलो कापड. भिजवायला जवळपास तेवढंच इपॉक्सी, आणि विणीचे खड्डे भरायला वरून दोन हात. एकूण तीन किलोच्या आसपास. होडीवर चढलं सव्वाचार किलो.

म्हणजे किलोचा भाव दुप्पट असला तरी माल लागतो निम्मा! तिप्पट भाव धरला तरी फरक वाटतो तेवढा राहत नाही, आणि होडी पाच किलोनं हलकी होते. दोघांनी उचलून ट्रॉलीत टाकायची होडी असेल तर हे पाच किलो कळतात. आतून इपॉक्सीचे तीन हात, सांधे आणि वाया जाणारा माल धरून पूर्ण होडीला सहा-सात किलो इपॉक्सी आणा.

व्हिडिओ बघून करताय? मग हे आधी वाचा

माझ्या व्हिडिओतला माणूस रेझिनमध्ये एकच बाटली ओतत होता. मला दुकानात दोन छोट्या बाटल्या मिळाल्या. मी गोंधळलो. कारण साधं आहे. परदेशात किरकोळीत मिळणाऱ्या पॉलिएस्टरमध्ये कोबाल्ट बहुतेक वेळा आधीच घातलेलं असतं. आपल्याकडे ते पुष्कळदा वेगळं देतात. एक बाटली जांभळट कोबाल्टची, दुसरी पाण्यासारख्या दिसणाऱ्या कॅटॅलिस्टची, ज्याला दुकानात कुणी कुणी हार्डनरही म्हणतात.

या दोन बाटल्या एकमेकींत थेट कधीही मिसळू नका. भडका उडू शकतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, मगच कॅटॅलिस्ट. दोन्हींसाठी एकच माप किंवा एकच काडी वापरायची नाही. त्याहून चांगलं म्हणजे दुकानदाराला "कोबाल्ट घातलेलंच रेझिन द्या" म्हणा.

कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नका. गेलाच तर लगेच पाण्याखाली डोळा धरून किमान पंधरा मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा.

आता मापाचा फरक. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट वजनाच्या साधारण १ ते २ टक्के लागतं, हवामान बघून त्यात थोडं कमी-जास्त चालतं. इपॉक्सीत अजिबात चालत नाही. तिथे हार्डनर हा त्या पदार्थाचाच एक भाग आहे. "जास्त टाकला की लवकर सुकेल" असं होत नाही, उलट ते कायमचं चिकट राहतं. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे मिळणाऱ्या लॅपॉक्स एल-१२ सोबत के-६ हार्डनर घेतला तर वजनानं १०० ला १०. दुसऱ्या जोडीत २ ला १ असेल. वजनानं की मापानं, तेही बघा. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, एवढं पुरेसं आहे.

मराठवाड्याचं ऊन हा वेगळाच विषय

हे कोणत्याच व्हिडिओत नव्हतं. ते लोक वीस-बावीस डिग्रीत काम करत होते, मी एकेचाळीसमध्ये!

- वेळ अर्धा होतो. तापमान दहा डिग्री वाढलं की रेझिन घट्ट होण्याचा वेळ ढोबळमानानं निम्मा होतो. २५ डिग्रीला अर्धा तास मिळत असेल तर ३५ ला पंधराच मिनिटं. टायमर लावूनच मिसळा.
- खोल मगात ठेवू नका. रेझिन घट्ट होताना उष्णता सोडतं. खोल भांड्यात ती अडकते, मग धूर निघतो, प्लास्टिकचा मग वितळतो. थोडं थोडं मिसळा आणि पसरट ट्रेमध्ये ओता.
- काम संध्याकाळी करा. सकाळी ऊन चढताना लाकडातली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. संध्याकाळी लाकूड थंड होत असतं, तेव्हा हवा आत ओढली जाते आणि तिच्यासोबत रेझिनही.
- पावसाळी दमट हवा टाळा. काही इपॉक्सीवर दमट हवेत मेणासारखा चिकट थर येतो. त्यावर पुढचा हात मारला तर तो सुटणार. हा थर साध्या पाण्यानं आणि घासणीनं धुवायचा, मग पॉलिश पेपर. थिनरनं तो फक्त पसरतो. फोनच्या हवामान ॲपमध्ये आर्द्रता बघून दिवस ठरवा.
- रंग पांढरा किंवा फिका. साध्या तापमानाला सुकलेलं इपॉक्सी पन्नास-साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं. उन्हात उलटी ठेवलेली काळी होडी तेवढी सहज तापते. शिवाय सूर्यप्रकाशात उघडं इपॉक्सी पिवळं पडून भुकटी सोडतं. त्यामुळे वरून चांगला पीयू रंग हवाच.

आमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सगळ्यात सोयीचा वाटला. फक्त पहाटेच्या थंडीत इपॉक्सी हळू सुकतं, घाई करू नका.

लाकूड तयार नसेल तर सगळं पाण्यात

प्लायवर आयएस ७१० हा शिक्का बघा. तो मरीन प्लायचा. फर्निचरचं साधं प्लाय पाण्यात थर सोडतं आणि मग वरचं फायबर कितीही भारी असो, उपयोग नाही.

लाकूड कोरडं हवं, ओलावा १२ टक्क्यांच्या आत. मीटर नसेल तर एक तुकडा सावलीत ठेवून रोज वजन करा. वजन उतरायचं थांबलं की तो तुमच्या हवेत वाळायचा तेवढा वाळला. कडा गोल करा. काच-कापड टोकदार कोपऱ्यावर बसत नाही, उचलून हवा धरतं. प्लायच्या उघड्या कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात आधीच द्या, पाणी तिथूनच शिरतं. सागवान वापरलं असेल तर त्याचं तेल ॲसिटोनच्या फडक्यानं पुसून मगच काम सुरू करा.

विकत घेण्याआधी ही चाचणी करा

हे मी आधी केलं असतं तर एक होडी वाचली असती. त्याच प्लायचे दोन तुकडे घ्या. एकावर पॉलिएस्टरनं मॅटची पट्टी, दुसऱ्यावर इपॉक्सीनं कापडाची पट्टी लावा. टोक थोडं मोकळं सोडा. आठवडाभर सुकू द्या, मग दोन दिवस पाण्यात, दोन दिवस उन्हात, असं तीन-चार वेळा करा. शेवटी पकडीनं टोक धरून ओढा.

पट्टीसोबत लाकडाचे तंतू उखडून आले, तर पकड लाकडापेक्षा मजबूत आहे. पट्टी स्वच्छ निघाली, तर होडीवरही तेच होणार. माझ्या चाचणीत पॉलिएस्टरची पट्टी जवळजवळ स्वच्छ निघाली. इपॉक्सीनं प्लायचा वरचा थर सोबत आणला.

लाकूड आणि इपॉक्सी कुठवर जाऊ शकतं?

कुणाला वाटेल, लाकडावर काच-कापड चिकटवलेली होडी म्हणजे जुगाड. तर ऐका. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात "म्हादेई" ही ५६ फुटी शिडाची नौका बांधली गेली. आत रेड सीडर लाकडाच्या पट्ट्या, त्यावर काच-कापड आणि इपॉक्सी. २००९ मध्ये ती नौदलात आली. त्याच नौकेवर कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. तिची बहीण "तारिणी" २०१७ मध्ये आली. तिच्यावरून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये जगाला फेरी मारली. तिचीही बांधणी लाकूड आणि फायबरचीच.

आणि आपल्यासारख्या नदी-तलावातल्या मच्छीमारांसाठी? कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं प्रक्रिया केलेल्या रबराच्या लाकडावर फायबरचं आवरण चढवून स्वस्त होड्या विकसित केल्या. तत्त्व तेच: साधं लाकूड, वर नीट निवडलेलं कवच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*थर्माकोलच्या तराफ्यावर फायबर चढवलं तर?*
पॉलिएस्टरमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं, बघता बघता खड्डा पडतो. इपॉक्सीनं तसं होत नाही. पण मुळात तराफ्यावरून माणसं नेणंच धोक्याचं आहे.

*अराल्डाइटच्या ट्यूबनं होईल का?*
तेही इपॉक्सीच, पण चिकटवण्यासाठी घट्ट केलेलं. कापड भिजवायला पातळ, लॅमिनेशनचं इपॉक्सी लागतं.

*पॉलिएस्टर सुकलं तरी चिकट का राहिलं?*
काही पॉलिएस्टर हवेच्या संपर्कात वरून पूर्ण सुकत नाही. ते मुद्दाम तसं असतं, म्हणजे पुढचा थर चिकटतो. शेवटच्या थरात मेण घातलेलं रेझिन वापरतात.

*हातमोजे खरंच लागतात?*
हो. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा झाली की बहुधा जन्मभर राहते. नायट्राइलचे मोजे घाला, हात थिनरनं धुवू नका. घासताना एन-९५ मास्क लावा, काम मोकळ्या हवेत करा आणि जवळ विडी-काडी नको.

खरेदीची यादी (स्क्रीनशॉट काढून ठेवा)

- आयएस ७१० मरीन प्लाय, ६ मिमी
- ई-ग्लास विणलेलं कापड, २०० जीएसएम, क्षेत्रफळापेक्षा १५-२० टक्के जास्त
- काच-कापडाची पट्टी, सांध्यांच्या लांबीच्या दुप्पट (आतून आणि बाहेरून)
- लॅमिनेशनचं इपॉक्सी आणि त्याच कंपनीचा त्याच जोडीचा हार्डनर, ६-७ किलो
- सांध्यांच्या भरावासाठी बारीक चाळलेला कोरडा लाकडी भुसा
- डिजिटल काटा, पसरट ट्रे, ब्रश, रोलर
- नायट्राइल मोजे, चष्मा, एन-९५ मास्क
- फिका पीयू रंग
- आणि लाइफ जॅकेट, होडीत बसणाऱ्या प्रत्येकासाठी एक

शेवटची ओळ फायबरची नाही, पण ती यादीतून काढू नका. होडीच्या दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे ठेवा, म्हणजे पाणी भरलं तरी ती तरंगेल. पैसे घेऊन माणसं नेणार असाल तर नोंदणी आणि परवाना लागतो, घरच्या होडीवर तो धंदा करू नका.

आमची दुसरी होडी आता दोन पावसाळे पाहून बसली आहे. दर दिवाळीनंतर मी आणि भाऊ तिला उलटी करतो, नाण्यानं तळावर टकटक करत फिरतो. आवाज टणक आला की पुढे. पोकळ आला की तिथे कवच सुटलंय, लगेच उघडून दुरुस्त करायचं. अजून तरी पोकळ आवाज आलेला नाही. भावाचं पोरगं पुन्हा होडीत बसायला लागलंय, जॅकेट घालून.